अंधाऱ्या खोलीचा कैवार

चित्रपटाची फिल्म घरी धुणे हा रिकामटेकड्यांचा नाद होय, असे मत सुशिक्षित मंडळींत वारंवार ऐकू येते. खिशातल्या फोनने क्षणात चित्र उतरते, मग टीचभर फितीसाठी रसायनांत हात कोणी बुडवावेत, असा त्यांचा सवाल असतो. सवाल व्यवहाराचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी हातकामाविषयीचा जुना तिटकारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'धुणे' हा शब्दच आमच्या वर्गाला दुसऱ्याच्या वाट्याचा वाटतो.

वस्तुतः मराठी माणसाचा चित्रपट घरातच वाढला. १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेस जाऊन ही विद्या शिकून आले. त्यानंतर कोऱ्या फितीला भोके पाडणे, रसायने मिसळणे, फिती धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी घरीच शिकून घेतली. आणि १९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' मुंबईकरांपुढे आला. फाळक्यांवर व्याख्याने झोडणाऱ्यांनी त्या ओल्या हातांचे स्मरण ठेवावे.

आता काम कितपत अवघड, ते पाहू. १९६५ साली निघालेल्या सुपर ८ फितीची लांबी ५० फूट, चित्रे सुमारे ३,६००. सेकंदास १८ या गतीने खेळ ३ मिनिटे २० सेकंदांचा. कृष्णधवल निगेटिव्हला प्रकाशबंद टाकी, डेव्हलपर, हायपो आणि भरपूर पाणी पुरते. द्रावण बहुधा २० अंशांवर राखावे लागते. पुण्याच्या वैशाखात त्याला बर्फाचा शेजार हवा. धोका नाही असे आम्ही म्हणत नाही. फीत थेट पडद्यावर दाखविण्याजोगी करावयाची तर मधल्या पायरीत कित्येकदा पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात. ते विषारी आहे, त्याला स्वयंपाकघरात थारा नको. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते. तोही मोरीवाटे मुठेत सोडणे गैरच.

पण यावरून निघते ते एवढेच, की ज्या महाविद्यालयांत रसायनशाळा आहेत त्यांनी एक अंधारी खोली उघडावी, तेथे विद्यार्थ्यांनी हे काम रीतीने शिकावे, आणि मग निर्धोक तेवढे घरी करावे. १९६० साली प्रभातच्या आवारात चित्रपटशिक्षणाची संस्था आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्या शहराला लाभले, तेथील पदवीधराला फितीतला हायपो पुरता धुतला नाही तर चित्र कालांतराने का विटते, हे ठाऊक नसावे काय? हे अज्ञान निरुपद्रवी नव्हे. माळ्यावरची लग्नमुंजींची रिळे त्याच अज्ञानापायी भंगारात जातात आणि त्यांबरोबर आजोबांची चाल, आजीचे हसणे कायमचे नाहीसे होते.

फोनला आमचा विरोध नाही. मात्र ज्याला चित्र कसे उमटते हे कळत नाही, त्याला ते कसे मरते हेही कळत नाही. आणि अशांच्या हाती घराघरांतील स्मृती सोपविणे आम्हांला मान्य नाही.