गव्हाचा न तुटणारा तुकडा

नेकनूरकडच्या बायका ज्वारीचं पीठ चिमटीत घेतलं की सांगतात, 'विरी गेली याची', म्हणजे चिकटपणा गेला. मग आदण घालायचं, तळहाताने रगडून मळायचं, तेव्हा कुठे थापताना भाकरीच्या कडा फाटत नाहीत. गव्हाच्या कणकेला इतकी मनधरणी लागत नाही, कारण तिच्यात ग्लुटेन हे चिकट प्रथिन असतं. ज्वारीत ते नाही.

खाल्लेल्या प्रथिनांचे पोटात बारीक तुकडे होतात, ते पेप्टाइड. बहुतेक पुढे आणखी तुटून पचतात. ग्लुटेनमधला 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा मात्र पाचकरसांना दाद देत नाही. मुंबईच्या आयआयटीत शिकून स्टॅनफर्डला गेलेले चैतन खोसला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली तो दाखवून दिला. विशिष्ट जनुकं असलेल्या काहीजणांची प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते आणि स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. हा सीलिअॅक आजार. 1944-45च्या दुष्काळी हिवाळ्यात नेदरलँडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा असली आजारी पोरं सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने ते हेरलं.

वनस्पतीतल्या पेप्टाइडचा प्रतिकारशक्तीवर होणारा सर्वांत पक्का ठाऊक असलेला परिणाम हा असा, अपायाचा. 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या पावडरीच्या महागड्या डब्यांवर तो कशाला छापतील! सोयाबीनमध्ये ल्युनासिन नावाचं 43 अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे. त्याचं कौतुक बरंच झालं, पण ते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर. आपल्याकडे सोयाबीन शिवारभर दिसतं, चुलीवर क्वचितच; काढलं की थेट आडतीवर. माझं मत विचाराल तर डब्याचे पैसे डाळीवर, मटकीवर, हुलग्यांवर घालावेत. रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी प्रथिनांच्याच असतात, आणि त्यासाठी लागणारा माल ताटातूनच येतो.

सीलिअॅकच्या रोग्याला ज्वारीची भाकरी चालते. अडचण गिरणीत आहे. गव्हामागोमाग त्याच जात्यात ज्वारी पडली की पिठात गहू आलाच. अशा घराने दळण वेगळ्या जात्यावर नाहीतर घरच्या चक्कीवर करावं.

पोराची हगवण महिनोन्‌महिने थांबत नसेल, वजन वाढत नसेल, रक्त कमीच राहत असेल, तर डॉक्टरांना सीलिअॅकच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. मात्र शेजारणीच्या सल्ल्याने आधीच गहू बंद करू नका. गहू सुटला की आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते.