तेरजेतील फरक आणि गाडीचा दम

दुकानात संगणक येण्यापूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या अण्णांचे तेरीज जुळविण्यात जात. जमा आणि नावे या दोन बाजूंत फरक आला की नवशिका मुनीम सारी खतावणी पहिल्या पानापासून तपासायला बसे. अण्णा मात्र आधी फरकाच्या रकमेकडे पाहत. फरकाला नऊने भाग जात असेल, तर बहुधा कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते; ७२ च्या जागी २७ लिहिले की फरक ४५ येतो. एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली असेल, तर फरक तिच्या बरोबर दुप्पट येतो. ‘फरक आधी वाच, वही मग उघड,’ असे ते मुनिमाला सांगत. गाडी चालविणाऱ्या आजच्या गृहस्थाला या शिकवणीचा काय उपयोग, असे कोणी विचारील. या वर्षी मला तो झाला, आणि शिकवण विसरल्याबद्दल दंडही भरावा लागला.

पुण्यातील एक लग्न आटोपून आम्ही साताऱ्याला परतत होतो. गाडी डिझेलवरची, एक लाख किलोमीटर ओलांडलेली. चालवीत होता माझा पुतण्या आणि मागच्या आसनावर माझी ब्याऐंशी वर्षांची आई. खंबाटकीचा चढ निम्मा झाला असेल, तोच इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीचा दम गेला. ‘काका, पाय पूर्ण दाबलाय, पण गाडी ओढतच नाही,’ पुतण्या म्हणाला. मागे उसाने भरलेला ट्रक होता. त्याचा भोंगा ऐकून आईने माझा हात घट्ट धरला. धोक्याचे दिवे लावून, डाव्या कडेने रांगत आम्ही माथा गाठला. तेथे मोकळ्या जागी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, तेव्हा गाडी पूर्ववत धावू लागली. सुटकेचा निःश्वास टाकून आम्ही तो विषय तेथेच सोडला. पुढच्या पंधरवड्यात तसेच आणखी दोनदा घडले.

इथे गाडीच्या अंतरंगाची थोडी ओळख करून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही टर्बोची कल्पना. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट नोंदविले. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतात. म्हणूनच त्यांना आवर घालणारी व्यवस्था लागते. साध्या टर्बोत जास्तीचा वायू बाजूने सोडून देणारी एक झडप असते. आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांत वायूच्या वाटेवर फिरती पाती असतात. पाती मिटली की वाट अरुंद होऊन वायूचा झोत जोराने चाकावर आदळतो आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही दाब मिळतो. पाती उघडली की वायू सहज निघून जातो. ही पाती हलविणाऱ्या दांडीला ॲक्चुएटर ओढतो. पुष्कळ गाड्यांत तो निर्वाताच्या बळावर चालतो, आणि किती निर्वात द्यायचा हे गाडीचा संगणक एका छोट्या सोलेनॉइड व्हॉल्व्हकरवी ठरवितो.

संगणक क्षणोक्षणी ठराविक दाबाची मागणी नोंदवितो आणि प्रत्यक्ष आवक किती झाली हेही मोजतो. दोन्हींत मोठा फरक काही काळ टिकला की तो दिवा लावतो आणि इंजिन वाचविण्यासाठी शक्ती आखडून घेतो. कारागीर याला लिंप मोड म्हणतात.

आमच्या गाडीच्या स्कॅनरवर पी ०२९९ हा संकेत आला. त्याचा अर्थ इतकाच, की दाब मागणीपेक्षा कमी पडला. टर्बो निकामी झाला, असा त्याचा अर्थ नाही. तेरीज जुळत नाही एवढेच हा संकेत सांगतो; चूक कोणत्या पानावर आहे ते सांगत नाही. गॅरेजच्या मेस्त्रींनी मात्र टर्बोच बदलावा असे सुचविले. मी त्यांना दोष देणार नाही. गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत गाडी मागते आणि तपासणीचे पैसे द्यायला कुरकुर करते; मग त्यांनीही खात्रीचा पण खर्चिक मार्ग सुचविला तर नवल काय? टर्बोचा खर्च टाळायचा म्हणून मी शहाणपण केले. परिचयातील दोघांच्या गाडीत सोलेनॉइड बिघडला होता, एवढ्यावरून मी तो नवा आणविला. साडेचार हजार रुपये गेले. आठव्या दिवशी आई दवाखान्यातून परत येत असताना गाडीने चढावर पुन्हा मान टाकली. ज्या माणसाने लहानपणी अण्णांशेजारी बसून तेरजा पाहिल्या, त्यानेच फरक न वाचता पान फाडले होते.

त्यानंतर मात्र क्रमाने जायचे ठरले. पहिली तपासणी मोजणाऱ्या साधनाचीच. वजनच खोटे असेल तर मालाला दोष देऊन काय उपयोग? इंजिन बंद ठेवून किल्ली फिरविली की दाबमापकाने बाहेरच्या हवेचा दाब दाखविला पाहिजे. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१३ मिलिबार असतो. सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने येथे तो ९३० च्या आसपास येतो. आमचा आकडा ९२८ होता, म्हणजे काटा खरा. येथे एक गफलत टाळावी. पुष्कळ स्कॅनर बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण आकडा दाखवितात. त्यामुळे स्कॅनरवर १९३० दिसले, तर साताऱ्यात टर्बोची कमाई १००० मिलिबार समजावी.

नंतर भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, यवतेश्वरच्या चढावर पुतण्याने गाडी चालविली आणि शेजारी बसून मेस्त्रींनी मागणी व आवक यांची नोंद घेतली. चालविणाऱ्याने कधीही पडद्याकडे पाहू नये. नोंदीला दुसरा माणूस हवाच. या नोंदीतील फरकाचे रूप वाचण्याची ढोबळ रीत अशी आहे. कमी फेऱ्यांत मोठी तूट आणि फेरे वाढताच ती कमी होत असेल, तर पाती वेळेवर मिटत नाहीत. संशय निर्वाताच्या नळीवर, सोलेनॉइडवर किंवा ॲक्चुएटरवर घ्यावा. दाब वाढेल तशी तूटही वाढत असेल आणि सोबत सुसाट्याचा आवाज किंवा काळा धूर असेल, तर इंटरकूलरच्या जाड पाइपातून किंवा सैल क्लिपमधून हवा निसटते. आवक आधी मागणीच्या वर उसळून मग खाली कोसळत असेल, तर पाती काजळीने अडखळत असण्याचा संभव मोठा. तूट केवळ वरच्या फेऱ्यांत येत असेल, तर तुंबलेला एअर फिल्टर किंवा एक्झॉस्टमधील अडथळा पाहावा.

आमची तूट पहिल्या प्रकारची निघाली. १८०० फेऱ्यांवर मागणी २००० मिलिबारची आणि आवक जेमतेम १३००. ३००० च्या पुढे अंतर बरेच मिटत होते. विशेष हे, की थंड इंजिनावर गॅरेजच्या आवारात दोन्ही आकडे बरोबर जुळत. म्हणजे चूक उष्णतेबरोबर प्रकट होत होती.

मेस्त्रींनी हातपंपाने थेट ॲक्चुएटरला निर्वात दिला. दांडी अडखळल्याविना पूर्ण सरकली आणि मिनिटभर जागची हलली नाही. ॲक्चुएटर निर्दोष ठरला आणि पातीही मोकळी असल्याचे कळले. मग सोलेनॉइडकडे येणाऱ्या नळीच्या टोकाला मापक लावले. थंड इंजिनावर निर्वात पुरेसा होता. इंजिन चांगले तापल्यावर काटा हळूहळू उतरू लागला. नळी सोडवून पाहिली, तेव्हा खालच्या अंगाला, एका लोखंडी पट्टीवर घासून, बोटाच्या पेराएवढी चीर पडलेली दिसली. तेलाने फुगलेले रबर थंड असताना ती चीर मिटून राही आणि तापून मऊ झाले की उघडे. तेल व उष्णता सोसणारी नवी नळी दोनशे साठ रुपयांत आली. मेस्त्रींनी ती पट्टीपासून दूर बांधली, अन्यथा वर्षभराने तेच झाले असते. शेवटी त्याच चढावर, त्याच रीतीने पुन्हा नोंद घेतली. मागणी आणि आवक हातात हात घालून चालली. ही शेवटची नोंद म्हणजे दुरुस्तीची पावती; ती घेतल्याशिवाय बिल चुकते करू नये.

काही सावधगिरीच्या गोष्टी. ज्या पेट्रोल गाड्यांत टर्बोचाच दाब झडप उघडतो, तेथे फाटक्या नळीचा परिणाम नेमका उलट होतो: झडप उघडत नाही आणि दाब प्रमाणाबाहेर चढतो. अशा वेळी गाडी रेटणे इंजिनाच्या जिवावर बेतू शकते. ॲक्चुएटरच्या दांडीचा स्क्रू पिळून दाब ‘वाढवून’ घेणे म्हणजे तेरीज जुळविण्यासाठी खोटी नोंद करणे होय. जाड पाइपांची गळती हवा भरून तपासायची असल्यास ते काम जाणकारानेच आणि अल्प दाबाने करावे. तापलेल्या टर्बोला हात लावू नये. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर तिची नळीही घरी सोडू नये.

आणि मेस्त्रींना तपासणीचे पैसे आनंदाने द्यावेत. आम्ही त्यांना दीड दिवसाच्या शोधाची मजुरी विचारली, तेव्हा ते संकोचले. नळीचे दोनशे साठ घेऊन त्यावर काय मागावे, असा त्यांचा प्रश्न होता. आपण व्यापारी माणसे मालाची किंमत चटकन जाणतो. माल न विकता प्रामाणिक सल्ला देणाऱ्याचे मोल करायला मात्र चुकतो. म्हणून तर भाग बदलणारे वाढतात आणि दोष शोधणारे कमी होतात. आम्ही त्यांना तीन हजार रुपये दिले.

गेल्या आठवड्यात आई पुन्हा आमच्याबरोबर पुण्याला आली होती. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा चढ कधी सरला ते तिला कळलेच नाही. माथ्यावर आलो तेव्हा ती शांत झोपली होती.