नातवंडांसोबत घडवू या तान्हा पोळा

पाश्चात्त्य देशांत 31 ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, मुले भुतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात. परदेशी राहणाऱ्या नातवंडांची तशी छायाचित्रे आपणही पाहिली असतील. चंद्रपूर-गडचिरोलीकरांना त्याचे फारसे नवल वाटू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपलीही मुले नटूनथटून लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा मिळवून परततात. त्याच पहाटे मारबत गावाबाहेर नेऊन रोगराईला निरोप दिला जातो. तीन ते पाच वर्षांच्या नातवंडासोबत या सणाची तयारी घरीच केली, तर आजी-आजोबांच्या बोटांनाही हलका व्यायाम घडतो.

कणकेचा नंदी. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ आणि लागेल तसे पाणी घेऊन घट्ट गोळा मळावा. कोमट पाणी घेतल्यास आखडलेल्या बोटांना बरे वाटते. धड आपण घडवावे. पाय, शिंगे आणि वशिंड यांच्या वळ्या मुलाने कराव्यात. दोन-तीन दिवस सावलीत वाळवून हळद वा गेरूने रंगवावे आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याची झूल चढवावी. या गोळ्यात मीठ फार असते. तो मुलाच्या वा विस्मरणाचा विकार असलेल्या ज्येष्ठांच्या तोंडी जाऊ देऊ नये. सजावटीसाठी लहान मणी व बटणे टाळावीत, ती घशात अडकू शकतात. सांधे सुजलेले असतील, तर त्या दिवशी मळण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

पळसपानाचा मुखवटा. पळसाचे मोठे पान पुठ्ठ्यावर चिकटवून डोळ्यांची भोके मोठ्यांनी कापावीत. नाक-तोंड उघडेच राहू द्यावे. मुखवटा दोरीने गळ्याशी बांधण्यापेक्षा खाली काडी लावून हातात धरावा. बांबूची काडी वापरल्यास तिच्या धारा व कुसळे आधी घासून काढावीत. पाने अंगणातील वा रस्त्याकाठच्या झाडाची घ्यावीत. पावसाळ्यात झुडपांत साप-विंचू असतात आणि आपल्या भागात जंगलाच्या कडेला वाघाचाही वावर असतो. तेथे मुलासह जाऊ नये. मधुमेही ज्येष्ठांनी पाने आणायला अनवाणी जाणे टाळावे.

कागदाची मारबत. वर्तमानपत्राचे बोळे सुतळीने बांधून बाहुली करावी. मग मुलाला विचारावे, ‘मारबतीने काय घेऊन जावे?’ खोकला, डास, अंधाराची भीती, जे सांगेल ते चिठ्ठीवर लिहून बाहुलीच्या पोटात खोचावे. आपणही एक चिठ्ठी लिहावी. गुडघेदुखी लिहिता येते, एकटेपणाही लिहिता येतो. लहान मूल भीती सहसा शब्दांत मांडत नाही आणि ज्येष्ठही आपले दुःख घरच्यांपासून लपवतात. काळजीवाहकांनी या चिठ्ठ्या म्हणूनच लक्ष देऊन वाचाव्यात.

डास मात्र मारबतीच्या भरवशावर सोडू नयेत. हिवतापाचा भार गडचिरोलीवर मोठा आहे आणि पोळा ऐन पावसाळ्यात येतो. बाहुली विसर्जित करून परतल्यावर नातवंडाला सोबत घेऊन कुंड्या, टायर, डबे यांतील साचलेले पाणी ओतावे. रात्री सर्वांनी मच्छरदाणीत झोपावे. थंडी वाजून ताप आल्यास अंगावर न काढता त्याच दिवशी आशा कार्यकर्तीकडे वा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांच्या बाबतीत उशीर जिवावर बेतू शकतो.

एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा अधिक काम करू नये. मूल कंटाळण्याआधी आणि आपली पाठ दुखण्याआधी उठावे. नंदी दुसऱ्या दिवशी पुरा होईल. दारी येणाऱ्या बाळगोपाळांसाठी बोजाऱ्यात नाण्यांऐवजी केळे किंवा राजगिऱ्याचा मऊ लाडू ठेवावा. अख्खे शेंगदाणे व गोळ्या पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. आणि आपल्या नातवंडाचा नंदी शिंगाने वाकडा झाला असेल, तर तो तसाच मिरवू द्यावा.