आचऱ्याहून दोन राजधान्या : प्रवासखर्चाचा पुरा हिशेब



मालवण तालुक्यातील आचरा या गावाला दोन राजधान्या आहेत, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. उत्तरेस महाराष्ट्राची राजधानी मुंबई, रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या घरात. दक्षिणेस गोव्याची राजधानी पणजी, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. लग्नाचा बस्ता असो, दुकानाची मोठी खरेदी असो की वडीलधाऱ्यांचा औषधोपचार असो, या किनाऱ्यावरील व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : मुंबईस जावे की गोव्यास?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिकिटाचे दर पाहून दिले जाते. पणजी जवळ, म्हणून स्वस्त. मुंबई दूर, म्हणून महाग. जो व्यापारी दुकानातील मालाची खरेदी, हमाली, वाहतूक आणि घट धरल्याशिवाय विक्रीचा भाव ठरवीत नाही, तोच घरच्या प्रवासाचा हिशेब मात्र केवळ भाड्यावर संपवितो. प्रवासालाही पडताळा असतो. तो कसा मांडावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ही निवड आपल्या पूर्वजांपुढे नव्हती. त्यांचा मुंबईचा रस्ता समुद्रातून जात असे. देवगड, मालवण, वेंगुर्ला ही आगबोटीची बंदरे होती. गोवा जवळ असूनही १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असल्याने तेथे जाणे म्हणजे परमुलखात जाणे होते. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हापासून कणकवलीच्या फलाटावर उभे राहून दोन्ही राजधान्यांचा विचार एकाच वेळी करता येऊ लागला. सोय वाढली, तसा हिशेबही गुंतागुंतीचा झाला.

पहिली बाब भाड्याची. ते दारापासून दारापर्यंत धरावे. आचऱ्यास रेल्वे नाही. कणकवली गाठण्यास चाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर रस्ता आहे. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा एका टप्प्याचा दर १० रुपये ५ पैसे झाला. त्यावरून सात टप्प्यांचे सुमारे ७० रुपये होतात. रात्रीच्या गाडीसाठी निघताना मात्र शेवटची एसटी किती वाजता सुटते ते आधी विचारावे. ती चुकल्यास रिक्षाचे भाडे एसटीच्या कितीतरी पट पडते आणि रेल्वेच्या तिकिटात केलेली बचत कणकवलीस पोहोचण्यापूर्वीच संपते.

दुसऱ्या टोकासही हेच लागू आहे. पणजी शहरात रेल्वेस्थानक नाही. जवळचे स्थानक करमळी. म्हापशास जावयाचे असेल तर थिवी. तेथून पुढे पुन्हा वाहन करावे लागते. मुंबईत कोठे उतरावे हेही कामावरून ठरवावे. मुळजी जेठा किंवा मंगलदास मार्केटात काम असेल तर शेवटच्या स्थानकापर्यंत जावे, रविवार मात्र टाळावा. वाशीच्या घाऊक बाजारात काम असेल तर पनवेल किंवा ठाणे सोयीचे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्याने दादरला उतरावे.

भाड्यात सवलतीही धराव्यात. एसटीने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास दिला आहे. परंतु ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. बांदा ओलांडून पत्रादेवीस गाडी गोव्यात शिरली की पुढील टप्प्यांचे भाडे पूर्ण द्यावे लागते. मुंबईच्या प्रवासात मात्र सवलत अखेरपर्यंत टिकते. आजी, आई आणि सून अशा तिघी निघाल्या असतील तर दूरच्या राजधानीचे भाडे अंतराच्या मानाने बरेच हलके पडते. याउलट रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. शिवाय कोकण रेल्वेच्या मार्गावर, तो बांधण्याचा मोठा खर्च भरून निघावा म्हणून, भाड्यासाठी धरलेले अंतर प्रत्यक्षाहून ४० टक्के अधिक असते. त्यामुळे देशावरच्या तेवढ्याच अंतराच्या तिकिटाशी तुलना करून अंदाज बांधू नये. खासगी बसच्या बाबतीत, तिचे भाडे एसटीच्या तशाच सेवेच्या दीडपटीहून अधिक असू नये, असा शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. गर्दीच्या दिवसांत तो लक्षात ठेवावा.

दुसरी बाब वेळेची. व्यापाऱ्याच्या वहीत वेळ म्हणजे बंद दुकान. रात्रीची कोकणकन्या कणकवलीहून पकडली तर पहाटे मुंबई येते. दिवसभर काम उरकून त्याच रात्री परत निघता येते आणि मुक्कामाचा खर्च लागत नाही. जून २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत गाडी कणकवलीस थांबते आणि वेगवानही आहे, परंतु मुंबईस जाताना ती रात्री दहानंतर पोहोचते. म्हणजे अधिक भाडे देऊनही एका रात्रीचा मुक्काम पदरी पडतो. येताना तीच गाडी पहाटे मुंबई सोडते, म्हणून मुंबईत मुक्काम असणाऱ्यास परतीसाठी ती उपयोगी. पावसाळी वेळापत्रकात तिच्या फेऱ्या कमी होतात आणि सर्वच गाड्यांचा वेग उतरतो, हे ध्यानात असावे.

चौविहार पाळणाऱ्या घरांना येथे आणखी एक सोय पाहावी लागते. कोकणकन्येसाठी घरून सायंकाळचे भोजन करून निघता येते. दुपारच्या गाडीत सूर्यास्त वाटेतच होतो, तेव्हा डबा बरोबर हवा. मुंबईत भुलेश्वर-काळबादेवीच्या परिसरात आपल्या आहाराची सोय सहज होते. पणजीत ती शोधावी लागते, म्हणून तेथे घरचा डबा हाच भरवशाचा. डब्याने पैसा वाचतो, आणि सूर्यास्तापूर्वी भोजनालय शोधण्यात जाणारा तासही वाचतो.

तिसरी बाब मुक्कामाची. गोव्यातील खोल्यांचे दर नाताळ व नववर्षाच्या सुमारास चढतात, ऐन पावसाळ्यात उतरतात. मुंबईत नातलगांकडे उतरणे विनामूल्य वाटते, पण रिकाम्या हाताने कोणी जात नाही. काजू, कोकम, आमसुले यांची पिशवीही खर्चातच धरावी. व्यापारासाठी मुक्काम असेल तर कराचाही विचार हवा. गोव्यातील हॉटेलच्या बिलावर गोव्याचा कर लागतो आणि महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास त्याची वजावट मिळत नाही. मुंबईतील बिलाबाबत ती शक्यता असते. आपल्या कर सल्लागारास एकदा विचारून ठेवावे.

आता हे सर्व एका वहीत मांडू. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने स्वतःचे घालावेत.

समजा, दुकानदार एकटाच खरेदीस निघाला आहे आणि दुकानाचा दिवसाचा नफा २,००० रुपये आहे. पणजीची एक दिवसाची फेरी : भाडे व किरकोळ ९०० आणि बंद दुकानाचे २,०००, एकूण २,९०० रुपये. मुंबईची फेरी : रेल्वेचे जाणे-येणे २,२००, शहरातील वाहन व भोजन ७००, बंद दुकान दीड दिवस ३,०००, एकूण ५,९००. फरक ३,००० रुपयांचा. मुंबईच्या घाऊक भावात तीन टक्के सवलत मिळत असेल, तर एक लाखाच्या खरेदीवर हा फरक भरून निघतो. खरेदी त्याहून मोठी असेल तर मुंबई स्वस्त, लहान असेल तर पणजी. अर्थात माल घरी आणण्याची वाहतूक दोन्हीकडे वेगळी धरावी. रेल्वेच्या शयनयान डब्यात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. विमानात मर्यादा बरीच कमी असते.

दुसरे उदाहरण चौघांच्या कुटुंबाचे. मोटार लिटरला १५ किलोमीटर धावते आणि पेट्रोल १०० रुपये, असे धरू. पणजीस जाऊन-येऊन २५० किलोमीटर, म्हणजे सुमारे १,७०० रुपये, माणशी ४२५. मुंबईस जाऊन-येऊन १,००० किलोमीटर, म्हणजे ६,७०० रुपये. माणशी १,६७५, वर वाटेतील टोल, वाहन ठेवण्याचे पैसे आणि चालविणाऱ्याचा शीण. मुंबईच्या प्रवेशद्वारांवरील टोल हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, एवढाच दिलासा. एकट्याने मोटार काढली तर मुंबईचा प्रवास रेल्वेच्या कित्येक पटींनी महाग. चौघे असतील तर पणजीस मोटारच बरी. आणि गोव्यातून परतताना टाकी तेथेच भरावी, कारण तेथील पेट्रोल आपल्याकडील दराहून स्वस्त असते.

तिसरे उदाहरण औषधोपचाराचे. येथे एका फेरीचा खर्च पाहून निर्णय घेणे सर्वांत घातक. एका आजारासाठी आठ फेऱ्या कराव्या लागणार असतील आणि रुग्णाबरोबर एक माणूस असेल, तर पणजीची फेरी २,००० धरल्यास १६,००० रुपये होतात. मुंबईची फेरी ७,००० धरल्यास ५६,०००. चाळीस हजारांचा हा फरक पाहून पणजीजवळील बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय अनेकांना जवळचे वाटते, आणि सिंधुदुर्गातील रुग्ण तेथे पूर्वापार जात आले आहेत. परंतु जानेवारी २०१८ पासून तेथे गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क आकारले जाऊ लागले. म्हणून भाड्याबरोबर शुल्क विचारावे. आपल्या राज्याच्या आरोग्य योजनेचा लाभ त्या रुग्णालयात आजमितीस मिळतो का, हेही निघण्यापूर्वी विचारावे. सर्वांत आधी विचारावे ते हे, की आपल्या आजारावरील पूर्ण उपचार तेथे होतो का. तो होत नसेल तर चार फेऱ्या पणजीच्या करून पुन्हा मुंबई गाठावी लागते, आणि मग खर्च दोन्ही राजधान्यांचा होतो, शिवाय आजाराचे महिने वाया जातात. काही आजारांत मुख्य उपचार मुंबईस आणि पुढील तपासण्या जवळ, अशी वाटणी होऊ शकते. ती डॉक्टरांच्या संमतीनेच करावी. उपचार कोठे घ्यावा हे वैद्यकीय सल्ल्याने ठरावे. वहीने फक्त त्याची तरतूद सांगावी.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. स्वस्त राजधानी अशी कायमची कोणतीच नाही. माणसे किती, फेऱ्या किती आणि ज्या कामास निघालो ते एका फेरीत पुरे होते की नाही, या तीन प्रश्नांवर उत्तर पालटते. काम अपुरे ठेवून परतणारा प्रवास कितीही कमी भाड्याचा असला, तरी तो महागच.

उरला प्रश्न दिवस निवडण्याचा. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते. काम ठरले की पंचांगाबरोबर हीही तारीख वहीत लिहावी. गणेशोत्सवापूर्वी सारी मुंबई कोकणाकडे येत असते, तेव्हा मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत त्या मानाने जागा असते. विसर्जनानंतर नेमके उलट. गर्दीच्या उलट दिशेने जाणे हे उत्तम.

आणि आचरेकरांना एक खास संधी आहे. श्री देव रामेश्वराच्या कौलाने काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते, तेव्हा तीन दिवस व तीन रात्री सारे गाव वेशीबाहेर राहते. त्या दिवसांत दुकान तसेही बंदच असते. वरच्या हिशेबातील बंद दुकानाची रक्कम तेव्हा शून्य होते, आणि पहिल्या उदाहरणातील ३,००० चा फरक २,००० वर येतो. वेशीबाहेरच्या राहुट्यांतील आनंद सोडून सर्वांनी मुंबई गाठावी, असे कोणी म्हणणार नाही. पण घरातील एकाने ते दिवस लांबच्या कामासाठी राखले तर दुकानाचे नुकसान टळेल.

पुढील प्रवासापूर्वी वहीचे एक पान उभे दुभागावे. एकीकडे मुंबई, दुसरीकडे पणजी लिहावे. खाली भाडे, बंद दुकान, मुक्काम व भोजन, मालाची वाहतूक आणि फेऱ्यांची संख्या या पाच ओळी मांडाव्यात. बेरीज करण्यास दहा मिनिटे पुरतात. घरातील मुलांना ही बेरीज करावयास दिली तर अधिकच चांगले. पेढीवर बसण्यापूर्वी त्यांना पडताळ्याची रीत समजेल.