बातम्या तापल्या तरी आपला तवा थंड पडू देऊ नका



परवा एका ताईंनी विचारलं, "सर, सगळीकडे एवढा गोंधळ चाललाय. अशात नवीन धंद्याचा उत्साह आणायचा कुठून?"

प्रश्न खरा आहे. २०१९ पासून आपल्या महाराष्ट्राने काय काय पाहिलं! सकाळी सकाळी उरकलेला शपथविधी, २०२२ मध्ये एका पक्षाची फूट, २०२३ मध्ये दुसऱ्याची, आणि २०२४ या एकाच वर्षात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही. घराघरांत वाद झाले.

माझंच सांगतो. विधानसभेच्या प्रचारात आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण पेटलं. मसालेवाल्या ताई आणि पापडवाल्या ताई दरवर्षी दिवाळी प्रदर्शनात मिळून एक स्टॉल घ्यायच्या, भाडं निम्मं-निम्मं. त्यांनी बोलणंच सोडलं, स्टॉल घेतला नाही, दोघींचा सीझन गेला. आणि मी? अॅडमिन असून थांबवायचं सोडून दोन टोमणे मारले. ती चूक माझीच.

तेव्हा मला गिरगाव आठवलं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा चालू होता. १९५५-५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले, पूर्ण लढ्यात शंभरावर माणसं गेली. मुंबई कोणाची, यावर मराठी-गुजराती मनं दुखावलेली होती. त्याच गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. तेच आजचं लिज्जत! महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा अजून वर्षाहून जास्त वेळ होता. सगळं शांत होऊ दे, मग बघू, असं म्हणत त्या थांबल्या असत्या तर? पुढे हजारो बायकांच्या हाताला त्यातून काम मिळालं, आणि त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

माझं मत स्पष्ट सांगतो. उमेद बातम्यांतून येत नाही, ती हातातल्या कामातून येते. टीव्हीवरचा वाद आपल्या हातात नाही, पण आजची चार पाकिटं आहेत.

याचा अर्थ राजकारणाकडे पाठ फिरवा असा नाही हं. "धंदेवाल्याने त्यात पडूच नये" हे मला पटत नाही. जीएसटी, परवाने, फेरीवाल्यांच्या जागा, सगळं तिथेच ठरतं. मत द्या, नगरसेवकाला प्रश्न विचारा. आचारसंहिता असताना ५० हजारांच्या वर रोकड नेत असाल तर बिलं, बँकेची स्लिप जवळ ठेवा, नाहीतर तपासणीत पैसे अडकतात. काळजी करत बसण्यापेक्षा अशी तयारी केलेली बरी.

मी स्वतः तीन गोष्टी पाळतो. एक, बातम्या दिवसातून एकदाच, गल्ला मोजून झाल्यावर. सकाळची पहिली दोन तास ताकद कामाला. दोन, धंद्याच्या नंबरवर राजकीय स्टेटस नाही. मत माझं आहे, पण काउंटर सगळ्या गिऱ्हाइकांचा आहे. तीन, हिशोबाच्या वहीत जमा-खर्चाखाली रोज एक ओळ, आज काय चांगलं झालं. "आजोबा परत आले, म्हणाले, चटणी घरच्यासारखी आहे." बस, एवढंच. महिनाअखेरीला त्या तीस ओळी वाचा. नफा कमी असला तरी चेहऱ्यावर हसू येतं की नाही बघा.

आता त्या दोघींचं काय झालं? मी ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागितली. संक्रांतीला पापडवाल्या ताई तिळगूळ घेऊन मसालेवाल्या ताईंच्या दारात गेल्या. मत कोणाचंच बदललं नाही, आजही नाही. पण पुढच्या दिवाळीला स्टॉल पुन्हा एकच होता. एकीला चहाला जायचं असलं की दुसरी तिचाही माल विकत होती.

तुमच्या वहीतली आजची ती एक ओळ कोणती? कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.