चॅप्टर चार : पंगत

ताईचं लग्न २००३चं. तेव्हा घराघरात ‘लग्नाची सीडी’ असायची. आमच्याकडे तशा तीन : सीमांतपूजन, लग्न आणि पाठवणी. मागच्या महिन्यात आईचा फोन आला, ‘‘अरे, दुसरी सीडी पंगतीला आली की अडकते बघ.’’

पंगतीत बाबा आहेत. हातात ताट (बहुधा जिलेबीचं), व्याह्यांना आग्रह करतायत आणि मोठ्याने हसतायत. बाबा २०११ला गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे, जेमतेम वीस सेकंदं. त्यामुळे ‘बघतो गं वीकेंडला’ हे माझं हुकमी उत्तर या वेळी चाललं नाही.

आधी ऑफिसजवळच्या एका दुकानात गेलो. ‘‘डीव्हीडी करताना एचडी क्वालिटी करून देतो सर!’’ आता, आपल्याकडच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६. म्हणजे जवळपास चौपट. जे ठिपके सीडीत उतरलेच नाहीत, ते हा आणणार कुठून? आमटीत पाणी घातलं की ती वाढते, दाट होत नाही. सीड्या उचलल्या आणि घरी आलो.

माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. मित्राकडून यूएसबीवाला आणला. व्हीसीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाइल दिसते. घाबरू नका, आत साधा एमपेग-१ व्हिडिओ असतो आणि व्हीएलसीत तो थेट चालतो. पहिली आणि तिसरी सीडी चहा होईपर्यंत कॉपी झाली. दुसरी अर्ध्यावर ठप्प!

त्याचं कारण मजेशीर आहे. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट्स माहिती आणि चूक दुरुस्त करायला जास्तीचे बाइट्स असतात. व्हीसीडीने जास्त व्हिडिओ मावावा म्हणून ती जास्तीची दुरुस्ती सोडून दिली आणि २३२४ बाइट्स भरले. म्हणून एका सीडीत ७४ मिनिटं बसतात आणि म्हणूनच ओरखडा पडला की ती आधी रडते.

मऊ कापडाने पुसली. गोल गोल नाही हं, मधून कडेकडे सरळ. मग ‘आयसोबस्टर’ लावलं. वाचता न येणारे सेक्टर सोडून ते पुढे जातं. तरी पंगत येईना. ड्राइव्ह बदलून पाहिला, तिसऱ्या ड्राइव्हने ऐकलं. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते, हे तेव्हा कळलं.

पुढचं काम सोपं, पण इथेच लोक घोळ घालतात. डीव्हीडीला व्हीसीडीचं चित्र जसंच्या तसं चालतं. बदलायचा फक्त आवाज, ४४.१चा ४८ किलोहर्ट्झ. चित्र पुन्हा एन्कोड केलंत तर वेळही जाईल आणि होती तेवढी क्वालिटीही. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे पावणेतीन तासांचं लग्न १.७ जीबीत आटोपलं. ४.७ जीबीची डीव्हीडी अर्ध्याहून जास्त रिकामी! ‘डीव्हीडीस्टायलर’ फुकट मिळतं, त्यात मेन्यू आणि चॅप्टर टाकले. बर्निंग कमी स्पीडवर केलं, डिस्क फायनलाइझ केली. फाइल्स हार्ड डिस्कवरही ठेवल्या, कारण घरी बर्न केलेल्या डिस्कचा रंगाचा थर वर्षांगणिक उडतो. सीडीचा काय, डीव्हीडीचा काय.

रविवारी आईकडे डीव्हीडी लावली. चॅप्टर चार. बाबांचा चेहरा दोन सेकंद चौकटी-चौकटींचा होतो, पण आवाज कुठेच तुटत नाही.

‘‘जिलेबी नाही रे, म्हैसूरपाक होता,’’ आई म्हणाली आणि माझ्या हातातून रिमोट घेतला.