भाव मालक ठरवतो, मान नकाराने मिळतो



आयपीएलचे सामने उन्हाळ्यात संपतात. पण मोबाइलवरचा दुसरा हंगाम सुरू होतो तो नोव्हेंबरात. कोणाला संघाने सोडले, कोण कोणाच्या बदल्यात चालला, कोणत्या मालकाच्या थैलीत किती कोटी उरले, याच्या बातम्या कमी आणि अफवाच जास्त. भिवपुरी रोड स्टेशनवर लोकलची वाट पाहणारी आपली पोरं, कर्जत-खोपोलीच्या नाक्यांवर, कंपनीच्या गेटवर उभी असलेली पोरं तासन् तास याच चर्चेत असतात. खेळावर प्रेम करण्यात काहीच गैर नाही. पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारत नाही. त्या खेळाडूला स्वतःला कुठे खेळायचे आहे?

हा प्रश्न कोणाला सुचत नाही, याचेच मला जास्त वाईट वाटते. कारण आपण त्या समाजातून आलो आहोत, ज्याच्या श्रमाचा मालक पिढ्यान् पिढ्या दुसराच कोणीतरी होता. महार वतनात नेमके काय होते? काम ठरलेले, गाव ठरलेले, मोबदला नावापुरता, आणि सोडून जायची सोय नाही. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. 'जातिप्रथेचे विच्छेदन' मध्ये त्यांनी गुलामगिरीचा जो अर्थ सांगितला, तो प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा असा आहे. केवळ कायद्याने लादलेली ताबेदारी म्हणजे गुलामगिरी नव्हे. ज्या समाजात माणसाच्या वागण्याचा हेतूच दुसरा कोणी ठरवतो, तिथेही गुलामगिरी असते. व्यवसाय निवडण्याचे स्वातंत्र्य नसेल तर पगार कितीही असो, हा अर्थ बदलत नाही.

आता लिलावाकडे या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा शहरात दोन दिवस आयपीएलचा मोठा लिलाव झाला. १८२ खेळाडू विकले गेले, ६३९.१५ कोटी रुपये खर्च झाले, ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली. दुसऱ्या दिवशी आपल्याच ग्रुपवर मेसेज फिरत होते. "बघा, बाजाराला जात नसते. गुणवत्ता असेल तर पैसा धावत येतो. तिथे कुठे आरक्षण आहे?"

हा युक्तिवाद आपल्याच पोरांच्या तोंडी आला आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट. लिलाव हा खुला बाजार नाहीच. प्रत्येक संघाने किती खर्च करायचा याची मर्यादा आहे. परदेशी खेळाडू किती घ्यायचे, अकरा जणांत किती खेळवायचे, यालाही मर्यादा आहे. जुना खेळाडू दुसऱ्याने विकत घेतला तरी तीच किंमत देऊन परत मिळवण्याचा हक्क जुन्या मालकाला आहे. म्हणजे नियम आहेत, संरक्षण आहे, राखीव हक्कही आहेत. पण ते मालकाच्या खिशाला! श्रम करणाऱ्याला संरक्षण मागितले की 'गुणवत्ता' आठवते, आणि मालकाला संरक्षण दिले की त्याला 'खेळाचे नियम' म्हणतात.

दुसरी गोष्ट. लिलावाच्या यादीत नाव येण्याआधीच चाळणी झालेली असते. जेद्दाच्या लिलावासाठी १,५७४ खेळाडूंनी नोंदणी केली होती, त्यांतले जेमतेम एकतृतीयांश यादीत आले. आणि नोंदणीपर्यंत पोहोचायला काय लागते? लेदर बॉल, किट, टर्फ विकेट, प्रशिक्षक. भिवपुरीच्या, खालापूरच्या वाडीतल्या पोराला यांतले काही हवे असेल तर पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठावी लागते. ठाकर-कातकरी वाड्यांतल्या पोरांचे तर विचारूच नका. त्यांची चाळणी पहिल्या स्टेशनावरच होऊन जाते.

तिसरी गोष्ट हिशोबाची. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांतून ४८,३९० कोटी रुपये येणार आहेत. म्हणजे हंगामाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामात एका संघाने सर्व खेळाडूंवर मिळून, मानधन आणि सामन्यांची फी धरून, खर्च करायचा कमाल आकडा होता १४६ कोटी. दहा संघांचे झाले १,४६० कोटी. म्हणजे फक्त प्रक्षेपणातून येणाऱ्या शंभर रुपयांमागे खेळाडूंना जास्तीत जास्त पंधरा रुपये. त्यात प्रायोजक धरलेले नाहीत, तिकिटे धरलेली नाहीत. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा सुमारे अर्धा वाटा खेळाडूंचा असतो. तो तिथल्या मालकांच्या दयेवर मिळत नाही. खेळाडूंच्या युनियनने लेखी करार करून घेतला आहे. आपल्याकडे मैदानात उतरणाऱ्या क्रिकेटपटूंची अशी युनियनच नाही. २०१९ मध्ये लोढा समितीच्या शिफारशींतून इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन उभी राहिली, पण ती निवृत्त खेळाडूंची आहे. २७ कोटींचा खेळाडूसुद्धा मालकापुढे एकटा उभा असतो.

आणि त्या एकट्याने आपली मर्जी दाखवली तर काय होते, त्याचे उदाहरण रवींद्र जडेजा. पहिले दोन हंगाम तो राजस्थान रॉयल्सकडून खेळला. त्यानंतर दुसऱ्या संघाशी स्वतः बोलणी केली म्हणून २०१० चा संपूर्ण हंगाम त्याच्यावर बंदी घातली गेली. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांनी आपसांत बोलणी केली. संजू सॅमसन चेन्नईला, जडेजा राजस्थानला. तो सौदा मात्र रीतसर! अशा अदलाबदलीत कागदावर खेळाडूची संमती लागते, हे खरे. पण मालक खेळाडूबद्दल बोलले तर 'ट्रेड', आणि खेळाडू स्वतःबद्दल बोलला तर शिस्तभंग. जडेजाची जात कोणती हा इथे मुद्दा नाही. वरच्या जातीत जन्मलेल्यालाही ही व्यवस्था मालकीची वस्तूच समजते, हा मुद्दा आहे.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हेच होते, याहून वाईट होते. तिथल्या करारात 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचे कलम असे. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा. मालक त्याला विकू शके, बदलू शके, पण खेळाडू स्वतः जाऊ शकत नसे. वतनाशी किती साम्य आहे पाहा. १९२२ मध्ये आपल्या भिवपुरीत टाटांचे वीजघर सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागूच होत नाही. मालकांना रान मोकळे झाले.

ते रान अडवायला उभा राहिला एक काळा खेळाडू, कर्ट फ्लड. सेंट लुईस कार्डिनल्सकडून बारा हंगाम खेळल्यावर ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले. त्याचा पगार होता वर्षाला ९०,००० डॉलर, त्या काळात प्रचंड. तेव्हाही लोक म्हणालेच, एवढा पैसा मिळतो, मग तक्रार कसली? २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहिले. मी खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असा त्याचा आशय होता. तो कोर्टात गेला, १९७० चा हंगाम घरी बसला, आणि १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली. त्याच १९७२ मध्ये, अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सपासून प्रेरणा घेऊन, मुंबईत आपली दलित पँथर जन्माला आली. माणूस म्हणून जगण्याची मागणी दोन्ही ठिकाणी एकाच काळात उसळली होती.

फ्लड हरला, पण एकटा नव्हता. पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला मार्विन मिलर १९६६ पासून खेळाडूंची संघटना बांधत होता. १९७२ मध्ये खेळाडूंनी संप केला. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि रिझर्व्ह क्लॉज मोडला. आज तिथे सहा वर्षांची सेवा झालेला खेळाडू करार संपला की मोकळा होतो. तो स्वतः संघांशी बोलतो, स्वतः निवडतो. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोतो याने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. तिथेही हिवाळ्यात अफवांचा बाजार भरतोच. पण तिथल्या अफवा विचारतात, सोतो कोणाला निवडणार? आपल्या अफवा विचारतात, पंतला कोण विकत घेणार? वाक्यातला कर्ता बदलतो तिथे इतिहास बदललेला असतो.

"हे सगळे अमेरिकेचे झाले," असे कोणी म्हणेल. तर मग पुण्या-मुंबईचे ऐका. पालवणकर बाळू, चर्मकार समाजातला महान फिरकी गोलंदाज. १८९० च्या दशकात पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीला होते. जाळ्यात साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकायची, पण फलंदाजीची संधी क्वचितच. हिंदूंच्या संघाला विकेट पाहिजेत म्हणून त्यांना घेतले गेले, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. गुणवत्ता याहून जास्त कशी सिद्ध करायची? तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही.

मग बदल कशाने झाला? १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले आणि कर्णधारपद देताना त्यांच्या भावांना डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायलाच नकार दिला. निवेदन काढून जाहीरपणे नकार दिला. व्यवस्थापकांना नमते घ्यावे लागले, बाळू उपकर्णधार म्हणून परत आले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि स्पर्धा जिंकली. वीस वर्षांच्या बळींनी जे मिळाले नाही, ते एका नकाराने मिळवून दिले.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हे आपल्याला माहीत आहे. त्या राजकारणाशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. पण त्या भावंडांचा १९२० चा नकार हा आपलाच वारसा आहे. १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी कायदेमंडळात हेच मांडले की, संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने तो संप मुंबईच्या रस्त्यावर उतरवून दाखवला.

आता आपल्या अंगणात या. भाताची कापणी झाली की कर्जत-खालापूरच्या गावागावांत टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. पूर्वी वाडीचा संघ वाडीचाच असायचा, वर्गणी काढून टी-शर्ट शिवायचा. आता 'प्रीमियर लीग' आली. संघाला मालक आला. कोणी जमिनीचे व्यवहार करणारा, कोणी ठेकेदार, कोणी निवडणुकीची तयारी करणारा. पोरांचे फोटो लावून पॉइंटवर बोली लागते. ज्या माळावर पोरं खेळत होती तिथे फार्महाऊसचे कुंपण आले, आणि त्याच जमिनीच्या पैशातून संघाचा मालक तयार झाला! बोली लागलेल्या पोराच्या हाती काय येते? टी-शर्ट, जेवण, थोडे मानधन. गुडघा फुटला तर दवाखान्याचे बिल कोणाचे? बहुतेक ठिकाणी घरच्यांचे. आणि निवडणुकीत मात्र तोच मालक म्हणतो, "ही आपली पोरं."

बुद्धवाड्यातले चांगले चार खेळाडू चार मालकांकडे गेले की वाड्याचा संघ संपला. मित्रांनो, संघ हा शब्द आपल्यासाठी साधा नाही. आपण ज्या त्रिशरणात रोज उभे राहतो, त्यात बुद्ध आणि धम्मानंतर संघच आहे. तो पॉइंटवर फोडू द्यायचा का?

मी स्पर्धा बंद करा म्हणत नाही. खेळा, जिंका, पैसेही घ्या. पण अटी आपल्या असू द्या. तालुक्यातल्या खेळाडूंची संघटना बांधा. संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद करायला सात माणसे पुरतात, आणि सात तर एका वाडीत मिळतील. बुद्धवाडा, ठाकरवाडी, आगरी-कुणबी आळ्या, मोहल्ला, सगळ्यांना सोबत घ्या. मालकापुढे चार मागण्या लेखी ठेवा. खेळाडूचा अपघात विमा काढल्याशिवाय सामना नाही. मानधन आधी ठरवून सर्वांसमोर जाहीर. कोणत्या संघात खेळायचे हे खेळाडूच्या सहीने ठरेल. आणि गावाचे मैदान गावाच्या नावावर राहील, त्यासाठी ग्रामसभेत ठराव. मान्य नसेल तर त्या रविवारी मैदानात कोणीच उतरायचे नाही. मालकाकडे ट्रॉफी असेल, मंडप असेल, डीजे असेल. पण अकरा पोरं नसतील तर टॉस कोणाचा करणार?

कोणी म्हणेल, एवढ्याशा टेनिस बॉलच्या सामन्यासाठी चळवळ कशाला? कारण नकार द्यायची सवय मैदानात लागली की ती ठेकेदाराच्या गेटवरही उपयोगी पडते, आणि मतदानाच्या आदल्या रात्रीही.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा अफवा येतील. जरूर वाचा. पण कोणाला किती भाव आला एवढेच मोजू नका. 'नाही' म्हणायची ताकद कोणाकडे आहे, तेही विचारा. भाव मालक ठरवतो. नकार आपण ठरवायचा, आणि तो एकट्याने नाही, संघटित होऊन!

जय भीम! जय संविधान!